बिल्डरकडे देणगी मागू नका: परवडणाऱ्या घरांसाठी संस्था आणि विकासकांनी एकत्र कसं यावं

आमच्या ट्रस्टतर्फे पहिल्यांदा एका बिल्डरला भेटायला गेलो, तेव्हा हातात फाइल होती. फाइलमध्ये वस्तीचे फोटो, पत्र्याची घरं, पावसात भिजलेली मुलं. शेठनी दोन पानं उलटली, चहा मागवला आणि पंचवीस हजारांचा चेक लिहायला घेतला. निघताना म्हणाले, "पैसे सगळेच मागतात हो. पावसाळ्यात माझे दोन इंजिनिअर जवळपास रिकामे असतात, ते तुम्हाला नकोत का?"

आम्ही नकोच म्हणालो, कारण इंजिनिअर घेऊन करायचं काय हेच ठाऊक नव्हतं. चेक घेऊन परत आलो आणि तो चार महिन्यांत संपला. ते दोन इंजिनिअर घेतले असते तर वस्तीची मोजणी झाली असती, घरांचे कच्चे नकाशे झाले असते आणि पुढची दोन वर्षं वाचली असती.

त्यानंतर ट्रस्टच्या बाजूने मी बरीच वर्षं या कामात आहे. परवडणारी घरं बांधायला बिल्डर लागतो तो त्याला जे येतं त्यासाठी: जमीन हेरणं, परवानग्या काढणं, सिमेंट-सळई घाऊक भावात उचलणं, ठेकेदार हाताळणं. संस्थेला यातलं काही येत नाही. पण तिच्याकडे माणसं असतात, आणि बिल्डरला नेमकी तीच जमवता येत नाहीत. कोण कुठे राहतं, कोणाचं खरं उत्पन्न किती, कोण हप्ता भरेल, कोण चावी मिळताच घर विकेल, हे संस्थेला माहीत असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाटणीवर उभ्या आहेत. त्या महाराष्ट्रातल्या, त्यातही पुणे-मुंबईच्या अनुभवावरून लिहिल्या आहेत. गोव्यात किंवा इतर राज्यांत कायदे वेगळे पडतात.

पायरी १: आधी कुटुंबं, मग जमीन

बहुतेक संस्था उलट्या टोकाने सुरुवात करतात. एखादा दानशूर गृहस्थ अर्धा एकर देऊ करतो आणि मग त्या जागेवर कोणाला ठेवायचं याचा शोध सुरू होतो. असं करू नका. आधी कुटुंबांची पक्की यादी करा. यादी साठची असेल तर साठचीच सांगा, "शंभर-दीडशे लोक येतील" असं बोलू नका. बिल्डर आकड्यावर हिशेब करतो आणि आकडा हलला की त्याचा विश्वासही हलतो.

प्रत्येक कुटुंबाची एक फाइल करा. तिच्यात आधार, पॅन, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, बँकेचं पासबुक आणि कुटुंबाच्या नावावर भारतात कुठेही पक्कं घर नसल्याचं शपथपत्र ठेवा. या शेवटच्या कागदावर हमखास घोळ होतो. "गावाकडे घर आहे" असं अर्धे लोक सांगतात. ते घर वडिलांच्या नावावर असेल तर अडचण नाही, कारण प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. पण वडील वारल्यावर वारसनोंद होऊन स्वतःचं नाव लागलं असेल, तर ते आत्ताच समजलेलं बरं.

उत्पन्नाचे गट नीट समजून घ्या. आवास योजना शहरी २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. तिच्यात वार्षिक ३ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ३ ते ६ लाख अल्प गट आणि ६ ते ९ लाख मध्यम गट आहे. म्हाडाच्या लॉटरीतले गट वेगळे आहेत. पुणे महानगर परिसरात तिथल्या अत्यल्प गटाची मर्यादाच ६ लाख आहे. म्हणजे एकच रिक्षावाला एका योजनेत अल्प गटात आणि दुसरीत अत्यल्प गटात बसतो. प्रत्येक फाइलवर दोन्ही गट लिहून ठेवा.

आणि बचत सुरू करा. महिन्याला पाचशे का होईना, पण प्रत्येक बाईच्या स्वतःच्या खात्यात. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६च्या सुमारास महिला मिलन ही आपली संघटना उभी केली. 'स्पार्क' ही संस्था आणि जॉकिन अर्पुथम यांचं झोपडपट्टीवासीयांचं राष्ट्रीय महासंघटन त्यांच्या सोबत होतं. त्यांच्या कामाचा पाया हीच रोजची लहान बचत होती. अठरा महिने न चुकता भरलेलं पासबुक बँकेच्या मॅनेजरसमोर ठेवलं की उत्पन्नाचा पुरावा नसलेल्या घरकामगार बाईकडेही तो वेगळ्या नजरेने बघतो. बिल्डरवरही या पासबुकाचा जेवढा परिणाम होतो, तेवढा कोणत्याही फोटोचा होत नाही.

संघटित माणसं असली की काम कुठवर जातं ते बघायला सोलापूरला जा. कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. तिथल्याच रे नगरमध्ये असंघटित कामगारांच्या तीस हजार घरांच्या प्रकल्पातल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. हे काम धर्मादाय संस्थेचं नाही, कामगार संघटनेचं आहे. पण क्रम तोच होता: आधी सभासद, मग जमीन आणि सरकारी योजना, ठेकेदार त्यानंतर.

पायरी २: भागीदारी कोणत्या प्रकारची, ते ठरवा

"आपण मिळून काहीतरी करू" हा प्रकार नव्हे. प्रत्यक्षात चार वाटा दिसतात.

पहिली सर्वांत सरळ. जागा ट्रस्टची किंवा कुटुंबांच्या सहकारी संस्थेची, बिल्डर ना-नफा तत्त्वावर किंवा ठरलेल्या थोड्या नफ्यावर बांधून देतो. लहान शहरांत हीच जमते.

दुसरी वाट बहुतेक संस्थांना माहीतच नसते. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक एकर, किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या विकासकाला २० टक्के हिस्सा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी लहान घरांच्या रूपात ठेवावा लागतो. ही घरं म्हाडाच्या लॉटरीतून जातात. इथे संस्थेला जमीनही नको आणि बांधकामही नको. आपल्या कुटुंबांचे अर्ज बिनचूक भरून घेणं, अनामत रकमेची सोय करणं आणि नाव लागलं तर मुदतीत कर्ज मंजूर करून आणणं एवढंच काम उरतं. लॉटरी लागूनही पैसे उभे न राहिल्यामुळे घर परत करणारी कुटुंबं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. विकासकालाही ती घरं वेळेत भरलेली हवी असतात, त्यामुळे अशा मदतीला तो आनंदाने तयार होतो. माझ्या मते कमी खर्चात सर्वाधिक कुटुंबांना घर मिळवून देणारी वाट हीच.

तिसरी वाट झोपडपट्टी पुनर्वसनाची. मुंबईत १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे. बिल्डर झोपडीधारकांना फुकट घर देतो आणि बदल्यात मिळालेल्या चटईक्षेत्रातून, म्हणजे जादा बांधकामाच्या हक्कातून, विक्रीच्या इमारती उभ्या करतो. या व्यवहारात संस्थेने कुणाच्या बाजूने बसायचं हे सुरुवातीलाच स्पष्ट हवं. बिल्डरसाठी संमतीपत्रं गोळा करणारी संस्था झोपडीधारकांच्या लेखी दलाल ठरते, आणि ते त्यांचं चुकत नाही. चांगली उदाहरणंही आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या कुटुंबांसाठी चांदिवलीला संघर्षनगर उभं राहिलं. तिथे लोकांच्या बाजूने निवारा हक्क सुरक्षा समिती होती, आराखडा वास्तुविशारद पी. के. दास यांचा होता आणि बांधकाम खासगी विकासकाचं. धारावीत राजीव-इंदिरा सूर्योदय या सोसायटीने तर बिल्डरलाच बाजूला ठेवलं. संस्थेच्या मदतीने सोसायटी स्वतःच विकासक झाली. परदेशी धर्मादाय संस्थेने हमी दिली आणि तिच्या जोरावर सिटीबँकेने कर्ज दिलं. एवढं मोठं काम अंगावर घ्यायची ताकद किती संस्थांत असते, हा प्रश्न वेगळा.

चौथी वाट म्हणजे आहे त्या जागीच घर सुधारणं. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू नागरी अभियानाखाली हे झालं. महिला मिलन आणि वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी पक्की घरं तशीच ठेवली आणि फक्त कच्च्या घरांच्या जागी २७० चौरस फुटांची घरं बांधली. गल्ली, शेजार, देऊळ सगळं जागच्या जागी राहिलं. अशा कामात मोठ्या बिल्डरला रस नसतो, पण त्याचे लहान ठेकेदार आणि त्याचा साइट इंजिनिअर मिळाला तरी पुष्कळ होतं.

पायरी ३: जमिनीचे कागद, आणि इथे अजिबात घाई नको

आमचा सर्वांत मोठा फटका इथेच बसला. एका देणगीदाराने गावाच्या हद्दीवर जागा दिली. सातबारा त्याच्या नावाचा, कब्जा त्याचा, तोंडभरून आशीर्वादही दिले. बक्षीसपत्राचा मसुदा झाला आणि वकिलांनी सातबारावर बोट ठेवलं: भोगवटादार वर्ग २. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही, आणि त्यासाठी सरकारला नजराण्याची रक्कम भरावी लागणार ती वेगळीच. चौदा महिने गेले. या काळात साठातली अकरा कुटुंबं कंटाळून यादीतून बाहेर पडली.

म्हणून जमीन पाहायला जाण्याआधी वर्ग १ की वर्ग २, इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव आहे का, बोजा आहे का, फेरफार कुठे अडकले आहेत का, हे तपासा. जमिनीच्या मालकीचा किमान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून लेखी घ्या. ती जमीन कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा झोन दाखला काढा. भूमी अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी करून घ्या. शेजाऱ्याचं कुंपण तीन फूट आत आलेलं असतंच. रस्त्याची रुंदी मोजा, कारण किती मजले चढतील ते पुष्कळदा त्यावर ठरतं. आणि पाणी: नगरपालिकेची जलवाहिनी किती लांब आहे? टँकरवर चालणारं घर परवडणारं घर नसतं.

जमीन ट्रस्टचीच असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देतानाही ती लागते. विश्वस्तांचा ठराव झाला आणि बिल्डरला जागा दिली, असं चालत नाही. विश्वस्तांपैकी कोणाचा त्या बिल्डरच्या फर्ममध्ये भाऊ-मेहुणा असेल, तर त्या विश्वस्ताने ठरावाच्या वेळी बाहेर बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं. नाहीतर हे नातं पुढे कोणीतरी उकरून काढतोच.

पायरी ४: पैशांचं गणित कुटुंबापासून सुरू करा

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, आपल्या गावचे दर घालून पुन्हा करा.

समजा, जमीन मोफत मिळाली. घर ३० चौरस मीटर चटईचं (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र), म्हणजे ३२३ चौरस फूट. भिंती, जिना, व्हरांडा धरून बांधकाम ४५० फूट, दर २,२०० रुपये. झाले ९ लाख ९० हजार. नकाशे, देखरेख, शुल्क, वीज-पाण्याची जोडणी यांना १ लाख १० हजार. एकूण ११ लाख. आवास योजनेच्या परवडणाऱ्या घरांच्या भागीदारी घटकात प्रकल्प मंजूर झाला तर केंद्राचे दीड आणि राज्याचा एक, असे अडीच लाख येतील. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून २ लाख मिळाले आणि कुटुंबाने ५० हजार साठवले, तरी ६ लाखांचं कर्ज उरतं. ९ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता सुमारे ५,४०० रुपये.

आता उलट विचार करा. ज्या बाईच्या घरात महिना अठरा हजार येतात, तिच्या कमाईचा हा बरोबर तीस टक्के वाटा आहे. यापुढे ती ओढू शकत नाही. निधीतले दोन लाख एकावर आले, तर हप्ता नऊशेने वाढतो आणि यादीतली खालची पंधरा कुटुंबं गळतात. ही एवढी आकडेमोड कागदावर घेऊन जा. "मदत करा" म्हणण्यापेक्षा "प्रत्येक घरामागे एक लाख कमी पडले तर ही पंधरा कुटुंबं बाहेर जातात" हे शेठलाही पटकन समजतं, कारण तोही रोज अशीच आकडेमोड करतो.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या या सामाजिक निधीबद्दल, गैरसमज इतके आहेत की थोडं थांबून सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली हे बंधन फक्त कंपन्यांना आहे. तेही आदल्या वर्षी नक्त संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक तरी पातळी गाठली असेल तर. अशा कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात. आपल्या गावातले निम्मे बिल्डर भागीदारी फर्म किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असतात. त्यांच्याकडे जाऊन सीएसआर मागणं म्हणजे चुकीच्या दारावर टकटक. त्यांच्याकडून ८० जी खाली, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळते त्या पद्धतीने, देणगी घ्या, तीही बँकेतून. सिमेंटची पोती दिली तर त्यावर ८० जीची सवलत मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगा म्हणजे नंतर तोंड कडू व्हायला नको.

मोठ्या कंपनीकडून पैसे घेताना तुमचा १२ ए (ट्रस्टच्या उत्पन्नावरची आयकर सूट) आणि ८० जी नोंदणी क्रमांक, सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंद) आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. झोपडपट्टी विकास, ग्रामीण विकास, महिलांची आणि अनाथांची वसतिगृहं, वृद्धाश्रम हे विषय कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये आहेत. प्रस्ताव त्याच शब्दांत लिहा.

तीन गोष्टी सीएसआरमध्ये बसत नाहीत आणि तरी दरवेळी कोणीतरी विचारतोच. कायद्याने करावंच लागणारं काम बसत नाही. म्हणजे विकासकाने आपली ती २० टक्के लहान घरं सीएसआर म्हणून दाखवायची नाहीत. कंपनीचा रोजचा धंदा बसत नाही. आणि गोदामात पडून असलेल्या मालाला किंमत लावून तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. शिवाय या निधीतून उभी राहिलेली इमारत कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे असावी लागते. करारात हे कलम पहिल्या पानावर टाका.

परदेशी देणगी येणार असेल तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याची, नोंदणी हवी. २०२० पासून ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाहीत, त्यामुळे "मोठ्या संस्थेच्या खात्यात घेऊ आणि तुम्हाला देऊ" हा जुना रस्ता बंद आहे.

पायरी ५: करार

सामंजस्य करार फोटो काढण्यापुरता ठीक. खरा करार वेगळा करा, मुद्रांकासह. कोण काय करणार हे कामांच्या नावानिशी लिहा: बांधकाम परवानगी कोण काढणार, ठेकेदाराला पैसे कोण देणार, दर वाढले तर बोजा कुणावर, कुटुंबांचं संक्रमण काळातलं भाडं कोण भरणार. हे शेवटचं फार जण विसरतात. पत्र्याचं का होईना, जुनं घर पाडल्यावर भाड्याने राहायचे महिना चार हजार त्या कुटुंबाच्या बचतीतूनच जातात आणि ५० हजारांचा हिस्सा वर्षात वितळतो.

पैसे स्वतंत्र खात्यात ठेवा, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी काढायचे. बिल्डरला या पद्धतीचं नवल वाटणार नाही. महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेचे ७० टक्के त्याला तसेही वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. घरं विकली जाणार असतील, आणि भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा असून घरं आठांहून अधिक असतील, तर तुमचाही प्रकल्प महारेरात नोंदवावा लागेल. "आम्ही धर्मादाय आहोत" ही सबब तिथे चालत नाही.

नावाचा प्रश्न आधीच मिटवा. कमानीवर कुणाचं नाव, बिल्डरच्या जाहिरातीत कुटुंबांचे फोटो वापरायचे की नाही. आम्ही आता एकच अट घालतो: कुणाच्याही दारावर देणगीदाराची पाटी नाही. घर हप्ता भरून घेतलेलं आहे.

पायरी ६: नकाशा जमिनीवर आखा

या पायरीला एक दिवस आणि खडूचे दोन खोके लागतात. माझी सर्वांत आवडती पायरी.

महिला मिलनच्या बायकांनी १९८०च्या दशकात खऱ्या मापाची घरं कापडाने उभी करून प्रदर्शन भरवलं होतं. आम्ही त्याची गरीब आवृत्ती करतो. देवळाच्या सभामंडपात फरशीवर खडूने घर आखायचं: खोली, ओटा, संडास, न्हाणी, दार कुठल्या बाजूला उघडतं तेसुद्धा. मग बायकांना आत बोलवायचं. एकदा असंच केलं, त्या दिवशी बिल्डरचा तरुण आर्किटेक्ट नकाशा घेऊन उभा होता. एक मावशी खडूच्या दारातून, चप्पल बाहेर काढून, आत गेल्या. हाताने ओटा मोजला, वितीने सिलेंडरची जागा पाहिली, कॉटच्या जागी चक्क आडव्या झाल्या. मग उठून विचारलं, "मोरी कुठंय?"

आर्किटेक्टने न्हाणी दाखवली.

"ती अंघोळीची. भांडी काय संडासाशेजारी घासू का दादा?"

तो मुलगा हुशार, चेष्टा मनाला लावून न घेणारा. त्याने तिथेच गुडघे टेकले, खडूने मागची बाल्कनी दीड फूट वाढवली, तिथे कट्टा आणि नळ काढला, वर पाण्याच्या पिंपाची जागा. खर्च प्रत्येक घरामागे काही हजारांनी वाढला. पण ताबा दिल्यावर एकाही घराने तोडफोड केली नाही. नाहीतर पहिल्या सहा महिन्यांत भिंती फोडून मोऱ्या काढल्या जातात आणि खालच्या घराचं छत गळायला लागतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बाधित गावांसाठी चौकटीच्या आखणीत नवी गावं वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, ओळीत घरं. वाड्यांत आणि गल्ल्यांत भावकीने जगणाऱ्या माणसांना ती आखणी परकी वाटली. खडूचा एक दिवस घालवला असता तर काय झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

मजले ठरवताना एवढं पाहा: तळमजला अधिक तीन, बिनलिफ्टची इमारत बहुतेकदा पुरते. लिफ्टची देखभाल आणि वीजबिल पुढे कुटुंबांच्याच खिशातून जातं.

पायरी ७: बांधकाम चालू असताना

बिल्डर कितीही भला असला तरी तपासणारा इंजिनिअर त्याच्या पगारावरचा नसावा. निवृत्त सरकारी अभियंता शोधा, मानधन द्या. मोजमाप वही त्याच्या सहीशिवाय पुढे सरकणार नाही आणि चालू बिल त्याशिवाय निघणार नाही, असं ठेवा. काँक्रीट ओतलं की सहा इंची क्यूब भरून घ्या, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी बाहेरच्या प्रयोगशाळेत फोडा. न्हाणी आणि गच्चीत पाणी साठवून दोन दिवस खालून पाहा.

प्रत्येक बिलातून पाच टक्के राखून ठेवा आणि ते ताब्यानंतर एका पावसाळ्याने सोडा. महारेराखाली विकासकावर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी असते. तुमचा व्यवहार महारेरात नसेल तर तेवढीच मुदत करारात लिहून घ्या.

दर महिन्याला चार बायकांचा गट साइटवर न्या, हेल्मेट घालून. त्यांना विटेतलं आणि पाणी मारण्यातलं जे कळतं, ते पाहून ठेकेदारही सावध राहतो. त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी आयुष्यभर बांधकामावरच पाट्या टाकलेल्या असतात.

पायरी ८: वाटप

फ्लॅटची सोडत सर्वांसमोर काढा, चिठ्ठ्या लहान मुलीच्या हातून. अपंग आणि वृद्धांसाठी तळमजला सोडतीआधीच बाजूला ठेवा. दस्त बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे करा. महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, एवढं सांगितलं की बहुतेक नवरे फार वाद घालत नाहीत. आणि घर बांधकाम चालू असतानाच विकलं जाणार असेल तर परवडणाऱ्या घराला जीएसटी १ टक्का लागतो. त्यासाठी किंमत ४५ लाखांच्या आत हवी आणि चटई महानगरात ६० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र ९० पर्यंत. ठेकेदाराच्या बिलावरचा जीएसटी हा वेगळा विषय आहे, तो सीएला विचारा.

इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय एकही चावी देऊ नका. नेत्यांची तारीख ठरली आहे, मंडप बांधला आहे, असं सांगून बरेच जण दबाव आणतात.

पायरी ९: ताब्यानंतरची पाच वर्षं

सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवा, जमिनीचं अभिहस्तांतरण करून घ्या, म्हणजे ती सोसायटीच्या नावे करून घ्या, आणि बिल्डरकडून प्रत्येक घरामागे देखभालीची एकरकमी ठेव बँकेत ठेवून घ्या. तिच्या व्याजातून पंपाचं बिल आणि टाकी साफ करणं निघतं. नळाच्या आणि विजेच्या प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनींचे नकाशे सोसायटीच्या कपाटात हवेत. ते बिल्डरच्या ऑफिसात राहिले तर पहिली गळती शोधायला तीन भिंती फोडाव्या लागतात.

आणि पहिल्या पावसाळ्यात तिथे जाच. आम्ही गेलो त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. मोरी मागणाऱ्या त्याच मावशी तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या छताच्या कोपऱ्यात ओल धरली होती, खाली पातेलं ठेवलेलं होतं. भिंतीवर त्यांनी खडूने ओलीच्या कडेने रेघ ओढून तारीख लिहिली होती, पुढे दुसरी रेघ, दुसरी तारीख, मग तिसरी. बिल्डरचा इंजिनिअर सोबत होता. त्याने त्या तीन रेघा पाहिल्या, काही न बोलता मोबाइलवर फोटो काढला आणि गच्चीचा जिना चढायला लागला.